तलावांची नोंदवही : जबलपूरचे ताल, नर्मदेचे मुख आणि पाणथळ भूमीची गणना

१. नाव उरले, पाणी गेले

जबलपूर नगरात प्रथमच येणाऱ्या मनुष्यास तेथील वस्त्यांची नावे ऐकून थोडे नवल वाटते. रानीताल, चेरीताल, मढाताल, भंवरताल, फूटाताल, हनुमानताल, अधारताल अशी ही नावे आहेत. ‘ताल’ म्हणजे तलाव. परंतु यांपैकी अनेक ठिकाणी शोधूनही पाणी सापडत नाही. रानीताल येथे आज क्रीडासंकुल आहे, भंवरताल हे उद्यान झाले आहे, मढाताल ही बाजारपेठ आहे, तर चेरीताल ही दाट वस्ती आहे. हनुमानताल मात्र आजही पाण्याने भरलेला असून त्याच्या काठी जैन मंदिरे उभी आहेत. गढ्याच्या बाजूस संग्रामसागर, देवताल, सूपाताल यांसारखे जलाशयही टिकून आहेत.

हे तलाव निसर्गाने दिलेले नव्हेत. ते बांधले गेले. गढा-मंडला येथील गोंड राज्याचा राजा संग्रामशाह याच्या नावाने संग्रामसागर ओळखला जातो. सन १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना वीरमरण आलेल्या राणी दुर्गावतीने रानीताल, तिच्या दासीने चेरीताल आणि अधारसिंह या मंत्र्याने अधारताल बांधविला, अशी परंपरा आहे. लोकांच्या तोंडी जबलपूर हे ‘बावन तालांचे’ शहर आहे. बावन हा आकडा काटेकोर मोजणीचा असो वा नसो, एक गोष्ट त्यावरून निश्चित कळते. येथील लोक आपल्या पाण्याचा हिशेब ठेवीत होते.

या रचनेमागील तत्त्व सोपे होते. मदनमहालच्या परिसरात ग्रॅनाइट खडकाच्या उघड्या टेकड्या आहेत. वर्षभरातील सुमारे १,३०० ते १,४०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उघड्या खडकावरून तो वेगाने वाहून जातो. दोन उंचवट्यांच्या मध्ये मातीचा बांध घातला, की ते पाणी थांबते. वरचा तलाव भरला, की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात उतरते. एक हेक्टर क्षेत्राच्या तलावात सरासरी दोन मीटर पाणी साठले, तर ते २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर होते. तलाव बुजविला म्हणून हे पाणी आकाशातून पडावयाचे थांबत नाही. ते आपल्या जुन्या वाटेने येते आणि जेथे थांबत असे तेथेच थांबते. फरक इतकाच, की आता त्या जागी घरांचे उंबरठे असतात.

मराठी वाचकास ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ हे एकाच राज्याचे भाग होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने बांधलेले तलाव, ज्यांस आज माजी मालगुजारी तलाव अथवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात, ते व त्यांच्याजवळच्या लहान लहान बोड्या याच परंपरेतील आहेत. प्रश्नही दोन्हीकडे एकच आहे : जे आहे त्याची नोंद कोण, कशी व केव्हा करणार? आणि जे नाहीसे होत आहे ते नाहीसे झाल्याचे कोणास कळणार?

२. पाणथळ भूमी कशास म्हणावे?

मोजण्यापूर्वी काय मोजावयाचे हे ठरवावे लागते. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळ भूमीची व्याख्या फार व्यापक केली आहे. दलदल, पाणवठे, तलाव, खाड्या, मग ते पाणी नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमचे असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, गोडे असो वा खारे, या सर्वांचा तीत समावेश होतो. समुद्राच्या बाबतीत ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोली असलेला भागही पाणथळ गणला जातो. भारत या करारात १९८२ मध्ये सहभागी झाला.

या व्याख्येनुसार गोंडकालीन तलाव, बरगी धरणाचा जलाशय, ठाण्याच्या खाडीतील तिवरांचे वन, वसई-भाईंदरकडील मिठागरे आणि गोव्यातील खाजणे हे सर्व एकाच कुटुंबातील ठरतात. भारतीय गणनेत त्यांची विभागणी प्रथम अंतर्देशीय व किनारी, नंतर नैसर्गिक व मानवनिर्मित अशी करून एकूण १९ वर्ग पाडले आहेत.

३. नकाशाचे प्रमाण आणि गणनेचा आकडा

देशभरातील पाणथळ भूमीची उपग्रहाच्या साहाय्याने पहिली गणना १९९२-९३ मधील चित्रांवरून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने केली. तीत २७,४०३ पाणथळ जागा आढळल्या व त्यांचे क्षेत्र सुमारे ७५ लाख ८० हजार हेक्टर भरले. त्याच केंद्राने २००६-०७ मधील चित्रांवरून दुसरी गणना करून २०११ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. तीत ७,५७,०६० जागा आणि १ कोटी ५२ लाख ६० हजार हेक्टर क्षेत्र नोंदले गेले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणेल, की पंधरा वर्षांत देशातील पाणथळ जागा सत्तावीस पटींनी वाढल्या. हा निष्कर्ष साफ चुकीचा ठरेल. येथे तलाव वाढले नाहीत, नकाशाचे प्रमाण बदलले.

पुढील गणित वाचकाने स्वतः करून पाहावे. नकाशावर तीन मिलिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद चौकोनापेक्षा लहान आकृती स्पष्टपणे रेखता येत नाही. नकाशाचे प्रमाण १ : २,५०,००० असेल, तर तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ७५० मीटर आणि त्या चौकोनाचे क्षेत्र ५६.२५ हेक्टर. प्रमाण १ : ५०,००० असेल, तर तीन मिलिमीटर म्हणजे १५० मीटर आणि क्षेत्र २.२५ हेक्टर. पहिली गणना मुख्यतः पहिल्या प्रमाणावर व दुसरी दुसऱ्या प्रमाणावर झाली. म्हणून पहिलीत जे तलाव चाळणीतून गळून गेले, ते दुसरीत सापडले. शिवाय दुसऱ्या गणनेत नद्यांचे पात्रही धरले होते. त्याचेच क्षेत्र ५२ लाख हेक्टरांहून अधिक होते.

दुसऱ्या गणनेतही एक मर्यादा राहिलीच. ७,५७,०६० पैकी केवळ २,०१,५०३ जागांची सीमारेषा आखता आली. उरलेल्या ५,५५,५५७ जागा २.२५ हेक्टरांहून लहान असल्याने नकाशावर फक्त ठिपका होऊन राहिल्या. ठिपक्यास स्थान असते, परंतु काठ नसतो. आणि ज्यास काठ नाही त्यावर अतिक्रमण झाले की नाही हे नकाशावरून सांगता येत नाही. शहरातील तळी आणि पूर्व विदर्भातील बोड्या बहुधा याच ठिपक्यांत मोडतात. लोकांच्या रोजच्या उपयोगाचे पाणी जितके लहान, तितके ते नोंदवहीत अंधुक राहते, ही या विद्येतील मोठी उणीव होय.

पुढे २०१७-१८ मधील चित्रांवर आधारलेला व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला संग्रह तयार झाला. त्यात २.२५ हेक्टरांहून मोठ्या जागांची संख्या २,३१,१९५ आहे. याउलट जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत २४,२४,५४० जलसाठे मोजले गेले आणि त्यांपैकी ३८,४९६ ठिकाणी अतिक्रमण आढळले. ही गणना आकाशातून नव्हे, तर गावोगाव जाऊन, फिरत्या दूरध्वनीवर स्थान व छायाचित्र टिपून केलेली होती. दोन्ही गणना आपापल्या व्याख्येनुसार खऱ्या आहेत. आकडा वाचण्यापूर्वी व्याख्या वाचावी, हा धडा येथे घ्यावयाचा.

४. उपग्रह काय पाहतो?

उपग्रहावरील यंत्र तलाव पाहत नाही. ते जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजते. स्वच्छ पाणी हिरव्या प्रकाशाचा काही भाग परत पाठविते, परंतु डोळ्यांस न दिसणारे निकट-अवरक्त किरण जवळजवळ सर्व शोषून घेते. वनस्पतीची हिरवी पाने याच्या उलट वागतात. ती निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. म्हणून हिरव्या प्रकाशाच्या मापातून निकट-अवरक्ताचे माप वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागले, तर पाण्यासाठी उत्तर धन येते व झाडोऱ्यासाठी ऋण येते. १९९६ मध्ये मॅकफीटर्स याने मांडलेला हा जलनिर्देशांक आज सर्वत्र वापरला जातो.

रीत सोपी असली, तरी फसण्याच्या जागा अनेक आहेत. पहिली फसगत जलपर्णीची. तलावावर जलपर्णीचा गालिचा पसरला, की वरून तो हिरव्या शेतासारखा दिसतो आणि निर्देशांक ‘येथे पाणी नाही’ असे सांगतो. तण-संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र जबलपुरातच, अधारतालच्या परिसरात आहे. तेथे जलपर्णी खाणाऱ्या नियोकेटिना या सोंडेच्या भुंगेऱ्यांवर दीर्घकाळ काम झाले आहे. तलाव तणाने झाकणे हा रोग होय, मृत्यू नव्हे; परंतु नकाशा करणाऱ्याने दोहोंतील भेद ओळखला नाही, तर जिवंत तलावाची नोंद मृत म्हणून होते.

दुसरी फसगत ऋतूची. मे महिन्यात कोरडा दिसणारा तलाव ऑक्टोबरात काठोकाठ भरलेला असतो. यास्तव राष्ट्रीय गणनेत पावसाळ्यापूर्वीचे व पावसाळ्यानंतरचे अशी दोन चित्रे घेतात आणि मोठ्या विस्तारावरून सीमा ठरवितात. तिसरी फसगत सावलीची. उंच इमारतीची अथवा टेकडीची सावली पाण्यासारखीच काळी दिसते. चौथी ढगांची, ऐन पावसाळ्यात साधे चित्र मिळतच नाही. त्यावर उपाय म्हणजे सूक्ष्मलहरींनी पाहणारे रडार-उपग्रह. भारत व अमेरिका यांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या निसार उपग्रहावरील लांब तरंगांचे रडार ढगांतून तर पाहतेच, परंतु पानांच्या छत्राखालील पाण्याचाही मागोवा घेऊ शकते.

५. जमिनीवरचे कागद

आकाशातून घेतलेल्या चित्रात तलाव आहे हे दिसते. तो कोणाचा आहे व पूर्वी किती मोठा होता, हे दिसत नाही. त्यासाठी जुने कागद उघडावे लागतात. मध्य प्रांतात गावाच्या जमाबंदीबरोबर खसरा, नकाशा, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक ही कागदपत्रे तयार होत असत. निस्तार पत्रकात गावच्या सामाईक हक्कांची नोंद असे : गुरे कोठे चरावयाची, जळण कोठून आणावयाचे, पाणी कोणत्या तलावातून घ्यावयाचे. वाजिब-उल-अर्जात खाजगी जमिनीतील पाणवठ्यांवरील लोकांच्या वहिवाटीचे हक्कही लिहिलेले असत. विदर्भातील महसुली दप्तरातही ही नावे आजपर्यंत आढळतात.

या कागदांचा उपयोग असा. जुन्या गावनकाशावरील तलावाचा खसरा क्रमांक घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या भूपृष्ठ नकाशावर त्याचे स्थान पाहावे. नंतर आजच्या उपग्रहचित्रावर तीच जागा ठेवून पाहावी. तीन निरनिराळ्या काळांचे काठ एकावर एक आले, की तलाव कोणत्या बाजूने आक्रसला हे उघड होते. जेथे पाण्याचा मागमूस नाही, तेथेही नोंद टाकून द्यावयाची नसते. ‘येथे तलाव होता’ ही नोंदही गणनेचाच भाग आहे. रानीतालाचे पाणी परत येणार नाही. परंतु त्याच्या पाणलोटाची रेषा माहीत असेल, तर पावसाळी नाला कोठून काढावा हे अभियंत्यास समजेल.

या कामी वृद्ध माणसांची स्मृती हाही एक पुरावा आहे. सांडवा कोणत्या दिशेस होता, कपडे कोठे धूत, मूर्ती कोठे विसर्जित होत, एवढे तीन प्रश्न विचारले, तरी काठाचे तीन बिंदू मिळतात.

६. जेथे काठ दिवसातून चार वेळा हलतो

तलावाचा काठ ऋतूबरोबर हलतो. समुद्राचा काठ दिवसातून चार वेळा हलतो. किनाऱ्यावरील पाणथळ भूमीची नोंद अवघड होते ती यामुळे. चिखलाची खाजणे भरतीच्या वेळी घेतलेल्या चित्रात समुद्र दिसतात, ओहोटीच्या वेळी घेतलेल्या चित्रात जमीन.

कोकणातील कोळ्यांचा एक ठोकताळा आहे : तिथीस पाऊणपट केले, की भरतीची वेळ निघते. अष्टमीस आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. अमावास्येस व पौर्णिमेस पंधराचे पाऊणपट सव्वा अकरा, म्हणून भरती दुपारच्या तोंडाशी. आता भूमी पाहणारे बहुतेक उपग्रह एखाद्या ठिकाणावरून नेहमी एकाच स्थानिक वेळी, साधारणतः सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. ठोकताळा लावून पाहिल्यास एक विलक्षण गोष्ट निघते. सर्वांत खोल ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत येते. परंतु मुंबईच्या किनाऱ्यावर ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, आणि साडेदहा वाजता पाणी चढलेले असते. साडेदहा वाजता ओहोटी असते ती षष्ठी-सप्तमीस. पण तेव्हा भांगाचे दिवस जवळ आल्याने पाणी फार खाली जात नाही. म्हणजे या किनाऱ्यावर सर्वांत खालचा चिखल उपग्रहास क्वचितच उघडा दिसतो. तो नकाशात आणावयाचा, तर चित्राच्या तारखेबरोबर भरतीची स्थिती नोंदली पाहिजे आणि खालची रेषा प्रत्यक्ष मोजणीने भरून काढली पाहिजे.

ही रेषा केवळ शास्त्रीय कुतूहलाची नाही. १९९१ च्या अधिसूचनेपासून किनारी नियमनाचे सर्व अंतर भरतीरेषेपासून मोजले जाते. रेषा थोडी सरकली, तर एखाद्याचे घर, एखाद्याचे मिठागर वा एखाद्या कोळीवाड्याची मासळी वाळविण्याची जागा नियमाच्या आत किंवा बाहेर जाते. तिवरांच्या वनाचेही तसेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीस मनाई केली. ती मनाई अमलात आणावयाची, तर वन कोठपर्यंत आहे हे नकाशावर दाखवावे लागते. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत आली, तीही सीमा निश्चित केल्यानंतरच.

७. एक नदी, दोन टोके

जबलपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मग तेथील तलावांचा किनाऱ्याशी संबंध काय? त्याचे उत्तर नर्मदा देते. अमरकंटक येथे उगम पावून ही नदी १,३१२ किलोमीटर वाहते, जबलपूरजवळ भेडाघाटच्या संगमरवरी घळीतून जाते, महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेस स्पर्श करते आणि भरूचच्या पुढे खंभातच्या आखातास मिळते. तिच्या मुखाशी आलियाबेट व विस्तीर्ण चिखलपट्टे आहेत. हे पट्टे समुद्राने नव्हे, तर नदीने आणलेल्या गाळाने बनलेले आहेत.

जबलपूरच्या वरच्या अंगास असलेले बरगी धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याने एक विस्तीर्ण मानवनिर्मित पाणथळ भूमी निर्माण केली व शेकडो चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली नेली. खाली सरदार सरोवराची उंची २०१७ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण झाली. गाळ जलाशयांत थांबला व गोडे पाणी कमी उतरू लागले, की मुखापाशी खारे पाणी वर चढते. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या ओढीने समुद्रातून नदीत चढणारा पाला हा मासा भरूचच्या मच्छीमारांचा आधार होता. त्याची घट या बदलाशी निगडित आहे.

यास्तव किनाऱ्याची नोंदवही केवळ किनाऱ्यावर लिहून पुरी होत नाही. एका नोंदवहीत जलाशय ‘वाढ’ म्हणून मांडला जातो आणि दुसरीत चिखलपट्टा ‘घट’ म्हणून. परंतु दोन्ही नोंदी एकाच नदीच्या जमाखर्चाच्या आहेत. खोऱ्याचा हिशेब एकत्र मांडला, तरच बेरीज खरी होते.

८. नोंद आणि कायदा

नोंदीस वजन केव्हा येते? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये २०११ च्या संग्रहातील २,०१,५०३ जागांस संरक्षणाची तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष पडताळणी व सीमांकन पूर्ण करण्यास राज्यांस सांगितले. अशा रीतीने शास्त्रज्ञांच्या तक्त्यातील संख्या न्यायालयाच्या आदेशात आली. यादीत जे होते त्यास आधार मिळाला; जे ठिपका होऊन राहिले ते बाहेर राहिले.

याच वर्षी, २०१७ मध्ये, पाणथळ भूमीचे नवे नियम निघाले. त्यांत नदीचे पात्र, भातशेती, तसेच पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यसंवर्धन, मीठ-उत्पादन व करमणूक यांसाठी खास बांधलेले जलाशय वगळले आहेत. गोंडकालीन तलाव हा बांधलेला खरा. परंतु साडेचारशे वर्षांत तेथे मासे, पक्षी, कमळे आणि माणसे यांचा संसार मांडला गेला. त्याची नोंद ‘सिंचनाचा जलाशय’ या रकान्यात करावयाची की ‘पाणथळ भूमी’ या रकान्यात, हे लेखनिकाच्या लेखणीवर अवलंबून राहते. रकाना चुकला, तर संरक्षण चुकते.

९. नोंदवही जिवंत कशी ठेवावी?

पाणथळ भूमीची गणना ही एकदा करून कपाटात ठेवावयाची वस्तू नव्हे. ती जमाखर्चाच्या वहीप्रमाणे सतत लिहीत राहावी लागते. तिचे नियम थोडक्यात असे सांगता येतील. प्रत्येक जागेस एक कायमचा क्रमांक द्यावा व तो जागा नष्ट झाली तरी पुसू नये. प्रत्येक नोंदीपुढे चित्राची तारीख, नकाशाचे प्रमाण आणि किनाऱ्यावर असल्यास भरतीची स्थिती लिहावी. दोन वर्षांची तुलना करावयाची, तर एकाच प्रमाणाचे व एकाच ऋतूचे नकाशे घ्यावेत. यंत्राने आखलेल्या सीमांपैकी काही निवडून प्रत्यक्ष जागेवर तपासाव्यात, आणि चूक दोन्ही बाजूंनी मोजावी : नसलेले पाणी किती दाखविले आणि असलेले पाणी किती सुटले. शेवटी, २.२५ हेक्टरांहून लहान जागांची यादी स्थानिक संस्थांनी आपल्या हातांनी पुरी करावी. कारण ते काम आकाशातून होणारे नाही.

अभ्यासासाठी : वाचकाने आपल्या गावातील वा वस्तीतील अशा जागा शोधाव्यात, की ज्यांच्या नावात तळे, ताल, बोडी, डोह, खार अथवा खाजण हा शब्द आहे. तलाठी-दप्तरातील नकाशा, आजचे उपग्रहचित्र आणि एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे कथन यांच्या आधारे त्या जागेचा पूर्वीचा व आताचा काठ कागदावर काढावा. पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा तेथे जाऊन पाहावे. जबलपूरच्या ज्या तालांचे पाणी गेले, त्यांची नावे लोकांनी चारशे वर्षे सांभाळली. ज्यांचे पाणी अजून शिल्लक आहे, त्यांचा काठ सांभाळण्याचे काम आजच्या पिढीकडे आहे आणि त्याचा आरंभ अचूक नोंदीपासून होतो.